शिबिराची उष्टी भांडी

"अगं, तू घे ना धुवून. तुला सवय आहे."

ताईंनी हे माझ्या पोरीला सांगितलं. माझ्यादेखत. सोसायटीच्या हॉलमागं नळ हाय, तिथं. खाली मोठ्या टपात ताटल्यांचा ढीग. त्याला तूप, गूळ, भाकरीचे तुकडे चिकटलेले. बिल्डिंगमधल्या पोरांनी एकेक ताटली घासली होती म्हणे. घासली म्हणजे काय, फेसात बुडवली, वर धरली, ज्याच्या त्याच्या आईनं फोटो काढला. टाळ्या झाल्या. मग पोरं पळाली आइस्क्रीम खायला, आणि ताटल्या खरकट्याच्या खरकट्या राहिल्या.

पोरांना हातात रबरी मोजे दिले होते आणि मऊ स्पंज. माझ्या पायलला तार दिली. भांडी घासायची तार, झिजलेली, बोटात घुसते ती.

पायल चौथीत हाय. अंगात दिवाळीचा नवा फ्रॉक. तिनं एकदा आइस्क्रीमच्या डब्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग फ्रॉक गुडघ्यात धरून खाली बसली आणि घासायला लागली. कुणी तिच्यावर ओरडलं नाय. कुणी मारलं नाय. केसानं गळा कापणं म्हणतात ना, ते हे असं असतं. रक्तसुद्धा दिसत नाय.

आता आधीचं सांगते.

मी इंदिरानगरात धुणं-भांडी करते. या ताईंकडं मी लय वर्षं होते. त्यांचा विहान पाळण्यात होता तेव्हापासून. ताई घरूनच कॉम्प्युटरवर काम करतात, साहेब दिवसभर बाहेर. त्यामुळं विहानचं खाणं, न्हाणं, शाळेचे बूट, सगळं माझ्याकडं. पोरगं आता तिसरीत गेलं, तरी बुटाची नाडी मीच बांधायची.

आणि या ताई मोबाइलवर व्हिडिओ करायच्या. मुलांना स्वावलंबी कसं करायचं, यावर! लय बाया ते बघायच्या. व्हिडिओत विहान सकाळी उठून स्वतःच्या पांघरुणाची घडी घालतो. व्हिडिओ संपला की पांघरूण जमिनीवर. मग मी जाऊन घडी घालायची. व्हिडिओत विहान स्वतःचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवतो. रोजचं ताट सोफ्यावर, टीव्हीपुढं, वरणाचे डाग सोफ्याला. ते कोण पुसणार? व्हिडिओत मी कधीच नसायची. "मावशी, जरा आत सरका, फ्रेममध्ये येताय," ताई म्हणायच्या. मी सरकायची.

अजून एक. बोलायची लाज वाटते, पण ज्यांना वाटायला पाहिजे त्यांना वाटली नाय, मग मी कशाला धरू? विहान संडासात बसला की आतून हाळी द्यायचा, "मावशीऽऽ, झालीऽऽ!" तिसरीतलं पोरगं. मी हातातलं काम टाकून जायची, त्याला धुवायची. ताई तेव्हा पलीकडच्या खोलीत स्वावलंबनावर बोलत असायच्या.

त्या घरात विहानला शिक्षा काय असायची, सांगू? त्यानं दंगा केला की ताई म्हणायच्या, "थांब, आज मावशीची भांडी तुला घासायला लावते." पोरगं असं भोकाड पसरायचं, जसं कुणी चटका दिला. म्हणजे माझं रोजचं काम ही त्यांच्या पोराची शिक्षा. मी मनात म्हणायची, अगं बाई, मग मी कोणता गुन्हा केला होता?

सुट्टी लागली आणि ताईंच्या डोक्यात शिबिराचं आलं. सोसायटीच्या हॉलमध्ये. पोरांना बटण लावायला, कणीक मळायला, ताट घासायला शिकवायचं. ताई मला म्हणाल्या, "मावशी, तुमच्या पायलला आणा ना. किती गुणी आहे, भाकरी थापते म्हणे. आमच्या मुलांना शिकवेल. छोटी टीचर!"

टीचर. हा शब्द मी घरी जाऊन पायलला सांगितला आणि पोरगी नुसती उड्या मारायला लागली. आरशापुढं उभी राहून बोलायचा सराव केला, "गुड मॉर्निंग फ्रेंड्स, आज मी तुम्हाला भाकरी शिकवणार आहे." दोन वेण्या घालून घेतल्या. शेजारणीची ओढणी मागून आणली, टीचर घेतात तशी खांद्यावर घ्यायला. तिचे बाबा एकलहऱ्याला वीज केंद्रात ठेकेदाराकडं कामाला जातात, तेसुद्धा निघताना म्हणाले, "काय बाई, आता आम्हालाबी शिकवा."

हॉलमध्ये ताईंनी माइक घेतला. पायलला पुढं उभं केलं. म्हणाल्या, "ही आमच्या मावशींची पायल. हिला कुणीही शिकवलं नाही, तरी हिला सगळं येतं. याला म्हणतात स्वावलंबी मूल!" बाया टाळ्या वाजवायला लागल्या.

कुणीही शिकवलं नाय? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, तिला शिकवायला मी घरात होते कुठं? मी तुमच्या विहानला शाळेचे बूट घालत होते. तेव्हा माझ्या पोरीनं स्टुलावर चढून गॅस पेटवला. मनगटाला चटका बसला, तर शेजारणीनं हळद लावली. मला संध्याकाळी कळलं. तिला स्वावलंबी मी केली नाय, तुम्ही केली. तिची आई उचलून तुमच्या घरी नेली, म्हणून ती झाली. त्याच्या टाळ्या वाजवता?

हे सगळं तोंडात आलं होतं. पण पायल खुशीत होती, म्हणून गिळलं. तिनं लय झ्याक भाकऱ्या थापल्या. फुगली की पोरं ओरडायची. ती हसायची. एका पोरीला तर हात धरून शिकवलं तिनं. खरीच टीचर दिसत होती माझी बाय.

मग खाणं झालं. मग ताटल्यांचे फोटो. मग आइस्क्रीम. आणि मग ते, तुला सवय आहे.

मी बघत उभी राहिले आणि मला माझी आई दिसली. माझं माहेर लासलगावचं. आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायची. मी तिच्याबरोबर जायची, शाळा सुटली की. एक दिवस शेठ माझ्याकडं बोट करून आईला म्हणाला, "हिलाबी बसव की ढिगावर. आत्तापासून सवय लागंल." आईनं काय केलं? आईनं पोतं अंथरलं आणि मला बसवलं. तिला दोष देत नाय मी, तिच्या पोटात भूक होती. पण त्या दिवशी मी जी बसले, ती आजवर उठलेच नाय. कांद्यावरून भांड्यावर आले, एवढंच.

मी नळापाशी गेले. पायलच्या हातातली तार घेतली आणि फेकली. "ऊठ."

"मम्मी, थोड्याच राहिल्यात," ती म्हणाली.

"ऊठ म्हणते ना."

ताई आल्या. "मावशी, काय झालं? पाच मिनिटांचं तर काम आहे."

"मग विहानला बोलवा."

"अहो, तो दमलाय आता."

"माझी पोरगी सकाळपासून चुलीपुढं हाय. ती नाय दमली?"

बाकीच्या बाया गोळा झाल्या. ताई हळूच म्हणाल्या, "सगळ्यांसमोर तमाशा नको, मावशी. घरी बोलू." एका बाईचा मोबाइल अजून चालूच होता, शिबिराचा व्हिडिओ काढायला.

देवाचं मी फार करत नाय. पण त्या दिवशी देव होता. कारण तेवढ्यात हॉलच्या संडासातून हाळी आली, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशी.

"मावशीऽऽ! झालीऽऽ!"

एक बाई फिस्सकन हसली आणि तोंडावर हात धरला. ताईंचा चेहरा पांढराफटक. पोरगं परत ओरडलं, "मावशीऽऽ, ये नाऽऽ!"

ताई माझ्याकडं बघत होत्या. "मावशी… प्लीज."

"नाय, ताई," मी म्हणाले. मोठ्यानं. "लागू द्या त्याला सवय."

मग मी पायलचे हात धुतले, पदरानं पुसले, डब्यातून तिला आइस्क्रीम काढून दिलं आणि गेटबाहेर आले. मागं पोरगं रडायला लागलं होतं आणि ताई साडी सावरत संडासाकडं पळत होत्या. मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? लय आनंद झाला. पोराशी माझं वैर नाय, त्याला मी अंगाखांद्यावर वाढवलंय. पण त्याच्या आईला पळताना बघून काळजात गारगार वाटलं. परत बघायला मिळालं तर परत बघेन.

संध्याकाळी ताईंचा फोन. "तुम्ही माझा अपमान केलात."

"आणि तुम्ही माझ्या पोरीचा?"

"त्यात कसला अपमान? साधी ताटली धुवायला सांगितली."

"साधी होती तर तुमच्या पोराला सांगायची."

फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सोसायटीभर झालं, ही बाई माजली, हिला कामाला ठेवू नका. माझी त्या बिल्डिंगमधली सगळी कामं सुटली. सुटू द्या. उपाशी राहायची आम्हाला भीती घालू नका, ते आम्ही बघून बसलोय.

पण खरा घाव मला नंतर दिसला. पायल भाकरी करेना. पिठाला हात लावेना. मी विचारलं तर म्हणाली, "मम्मी, मला भाकरी येते हे आता कुणाला सांगू नको." ओढणी तिनं शेजारणीला धुऊन, घडी घालून परत देऊन टाकली. माझ्या पोरीला स्वतःच्या हाताची लाज वाटायला लावली त्यांनी. भाकरी फुगली की हसणारी पोरगी ती. हे मी माफ करणार नाय. मेले तरी नाय.

मी गप बसले नाय. मंदाबाई माझ्याच वस्तीतली, त्याच बिल्डिंगमध्ये कामाला. तिला सांगितलं, तिनं बाकीच्यांना. दुपारी कामं उरकून बाया झाडाखाली डबा खायला बसतात, तिथं ठरलं. घराची भांडी घासू, फरशी पुसू, धुणं धुऊ, ते आमचं काम हाय. पण चालत्या-बोलत्या पोराचं उष्टं ताट, पोराची चड्डी, पोराचे बूट, पोराचं ढुंगण, याला हात लावायचा नाय. एकीनंबी नाय. आणि सुट्टीत आपली पोर मदतीला न्यायची नाय. कुणी म्हणालं, "आण की तिला, टीव्ही बघत बसेल," तरी नाय. टीव्ही दोन मिनिटं असतो, मग हातात फडकं येतं.

बिल्डिंगमधल्या मालकिणींनी आरडाओरडा केला. म्हणाल्या, दुसऱ्या बाया आणू. दुसऱ्या आल्या. मंदाबाईनं त्यांना गेटवरच गाठलं. दोघी आमच्यात आल्या, एक नाय आली. तिलाबी येईल अक्कल.

आता मी दुसरीकडं कामं धरलीत. काम विचारायला गेले की पहिल्यांदा हेच सांगते. परवा एक बाई म्हणाली, "अहो, लहान आहे हो माझा." मी म्हणाले, "माझीबी लहान हाय," आणि जिना उतरले. मागून हाक आली, मग परत चढले. ते पोरगं आता स्वतःचं ताट घासतं. रडत रडत घासतं. घासू दे.

तुम्हाला पोरं स्वावलंबी करायची होती ना? होतील. आमचा हात काढून घेतला की आपोआप होतील. नाय झाली, तर तो विहान एक दिवस बाप्या होईल, जेवून उठेल, ताट तिथंच टाकेल आणि कुणी बाई येऊन उचलेल म्हणून बसून राहील. माझी पायल त्या दारातून आत जाणार नाय. ताट वाळून खडंग होऊ दे.