सरकत्या फळ्यांचं टेबल

आमचं जेवणाचं टेबल बायकोनं आखलं. पाहुण्यांना मी "आम्ही आखलं" असं सांगतो. त्यातला माझा वाटा म्हणजे मापं घेताना टेपचं दुसरं टोक धरलं, आणि तेही वाकडं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. पिंपरीतला आमचा कारखाना नवा होता आणि आम्हाला मिळालेल्या दोन खोल्या त्याहून नव्या. यंत्रं यायची ती भल्या थोरल्या लाकडी खोक्यांतून. ती खोकी फोडून लोक जळण करत, कोंबड्यांची खुराडी करत. बायकोनं मात्र निवडून फळ्या आणायला लावल्या. तिचे वडील दापोडीचे, लाकडाच्या वखारीचे मालक. परकर-पोलक्यात असल्यापासून ती वखारीत सुतारांशेजारी बसून रेघा मारायची.

सुतार म्हणाला, "वहिनी, कडेला जरा नक्षी काढू? उघडंबोडकं दिसतंय."

"नक्षीतली धूळ पुसायला तुम्ही येणार का?"

नक्षी राहिली. सपाट फळी आणि बाहेर तिरके गेलेले चार बारीक पाय. खरी गंमत फळीच्या पोटात होती. तिथं दोन्ही टोकांना एकेक फळी दडवलेली; ओढली की बाहेर सरकायची आणि टेबल जवळजवळ दुप्पट लांब व्हायचं. दोन्ही बाजूंना लांब बाकं.

"दोघांच्या घरात एवढं कशाला?" मी विचारलं.

"तुमच्या घरी मी गरम कधी जेवले, आठवतंय?"

मी आठवून पाहिलं. आठवेना, तेव्हा चष्मा पुसायला घेतला.

चाकणजवळच्या आमच्या गावी आधी पुरुषांची पंगत, मग बायकांची. मटणाच्या दिवशी बायकांपर्यंत पातेल्याच्या बुडाचा रस्सा पोचायचा.

"माझ्या घरात सगळे एकदम बसणार," ती म्हणाली. "आत्याबाईसुद्धा."

आत्याबाई म्हणजे माझी आई. सासूला ती तसंच म्हणायची. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कोण सांगणार, असं विचारायची माझी छाती झाली नाही. न जाणो, "तुम्ही" म्हणाली असती.

एका रविवारी अण्णा, आई आणि चुलते एस.टी.नं आले. चुलत्यांनी टेबलाचे पाय बघितले. "आत्ता व्यालेल्या गाईचं वासरू उभं राहावं, तसं हाय रं हे!"

बायकोनं रस्सा, भात, भाकऱ्या सगळं टेबलावर आणून ठेवलं. दोन्ही फळ्या ओढल्या. पाच ताटं मांडली. आईला भिंतीकडच्या बाकावर बसवून स्वतः तिच्या शेजारी बसली.

अण्णा उभेच. "वाढणार कोण?"

"ज्याचं त्यानं घ्यायचं, मामंजी."

"आन् बाया आमच्यासंगं जेवणार?"

"व्हय."

"मला पाट द्या. मी खाली बसतो."

आई सवयीनं उठायला गेली. पण पुढं टेबल, मागं भिंत, पलीकडं कोपरा. बायको सरकल्याशिवाय वाट नव्हती, आणि ती सरकत नव्हती. "बसा आत्याबाई. निवतंय."

आईनं एकदा अण्णांकडं बघितलं, एकदा ताटाकडं. मग भाकरी मोडली. चुलते तर केव्हाच बसले होते. त्यांचं तत्त्व रश्श्याच्या वासापुढं टिकणारं नव्हतं.

राहिलो मी. मीच पाट मांडला, मीच अण्णांचं ताट खाली नेलं आणि पळत येऊन बाकावर बसलो. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "भाकरी!"

कुणी हललं नाही. बायको मटणाची फोड चावत होती, अगदी सावकाश. आई म्हणाली, "अवं, हितं हायत. या घ्यायला."

लग्न झाल्यापासून ती त्यांना असं काही बोलल्याचं मी ऐकलं नव्हतं. अण्णांनीही नसावं. ते काही उठले नाहीत. शेवटी मीच दोन भाकऱ्या घेऊन गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच वाढत होतो, त्यामुळं एक ताटाबाहेर पडली.

अण्णांनी ती उचलून झटकली. "बायकोचा गडी झालास की रं!"

एरवी मी हसून वेळ मारून नेली असती. त्या दिवशी मात्र मागं त्या दोघी गरम जेवत होत्या.

"व्हय अण्णा," मी म्हणालो. "रस्सा वाढू?"