मिस्त्रीची संथ चाल

मिस्त्री दमला होता. गाड्यांची इंजिनं दुरुस्त करण्यात उभा जन्म गेला, गुडघे कामातून गेले, आता कुठं निवांत बसावं तर धाकट्या भावानं शेडमध्ये चक्क विमान बांधायला घेतलं. तेही मोटारीचं इंजिन बसवून! "दादा, तू आहेस म्हणून हिंमत करतोय," म्हणाला. झालं, घोंगडं पडलं गळ्यात.

मोटारीचं इंजिन भन्नाट फिरतं. विमानाच्या पंख्याला तो वेग झेपत नाही, म्हणून मध्ये गिअरबॉक्स. तोही मिस्त्रीनंच जुळवला. विमान उडालं, सुखरूप उतरलं. दर खेपेला भावजय शेडच्या दाराशी उभी राहून एकच विचारायची, "दादा, तुम्ही बघितलंय ना?"

"बघितलंय गं," तो म्हणायचा आणि भाऊ खाली येईस्तोवर त्याच्या जिवात जीव नसायचा.

एकदा गिअरबॉक्सचं ऑइल काढलं, तर त्यात लोखंडाचा चुरा चमकला. मिस्त्रीनं पान्हा उचलला. उघडून पाहिलं, गिअरचे दात पार झिजलेले. असं कसं झालं? मग लख्ख आठवलं. जमिनीवर इंजिन हळू चालताना आतून बारीक खडखड यायची. त्यानं कानाआड केली होती.

मिस्त्रीचं नाव होतं ते उभ्या गाडीच्या इंजिनाला संथ चाल लावून देण्यासाठी. त्यानं दुरुस्त केलेली गाडी उभी असली की चालू आहे का बंद, कळायचं नाही. तीच चाल कौतुकानं त्यानं विमानाला लावली होती. पण इतक्या हळू चालीत इंजिन हिसके देतं, जड पंखा आपल्याच ओढीनं फिरतो आणि मध्ये दात दातांवर आपटत राहतात.

"गिअरचे दात मी खाल्ले रे," तो भावाला म्हणाला.

"तुझे स्वतःचे तर कधीच गेलेत!" भाऊ हसला.

"हसू नकोस. वर असताना तुटले असते म्हणजे? तुझ्या बायकोला मी काय तोंड दाखवलं असतं?"

भावानं त्याच दिवशी नवे गिअर मागवले.

नवे गिअर आले, हिसके झेलणारं नवं रबर आलं. मिस्त्रीनं मन घट्ट करून चाल वाढवली. उभ्या उभ्याच इंजिन बोंबलायला लागलं. त्याच्या कानांनाही लाज वाटली, पण खडखड थांबली होती.

भाऊ आत बसला. भावजय दाराशी आली. "दादा, तुम्ही बघितलंय ना?"

नेहमीचा शब्द काही तोंडातून फुटेना. मिस्त्रीनं पान्हा खाली ठेवला, कण्हत कुंथत दुसऱ्या सीटवर चढला.

"अहो दादा, तुम्ही कुठं?"

"बघितलंय," पट्टा आवळत तो म्हणाला.