मठीचा संत आणि ब्लाझेना

ब्लाझेना कोत्रबोवा चिडली की लाकूड कापायच्या गिरणीतल्या करवतीचा आवाजसुद्धा कमी वाटायचा. आम्ही दोघी तिथे शेजारी उभ्या राहून फळ्या रचायचो. सुट्टीच्या दिवशी मात्र ती रानातल्या मठीत असायची. जुन्या काळी कुणा सरदाराने एका संन्याशासाठी बांधलेली ती मठी. दारावर गुबगुबीत देवदूत आणि आत कवटी हातात घेऊन गुडघे टेकलेला दगडी संत अंतोनिन. कम्युनिस्टांच्या राज्यात शिपाई तिथे नेमबाजी करायचे, तेव्हा ब्लाझेनाच्या आईने संताला फांद्यांखाली झाकून वाचवलं होतं. आईमागे झाडलोट, छपराची डागडुजी सगळं हिच्याकडे आलं.

ते राज्य गेलं, सीमा उघडली आणि त्याच हिवाळ्यात संत नाहीसा झाला. चौथऱ्यावर फक्त त्याचे तुटलेले गुडघे उरले होते. बाहेर चिखलात ट्रॅक्टरच्या चाकांच्या खुणा.

पोलीस म्हणाला, "मावशी, एका दगडासाठी एवढा आरडाओरडा?"

"दगड तुझ्या डोक्यात भरलाय!"

त्या चढावर जाईल असा ट्रॅक्टर गावात एकच होता, तिच्या धाकट्या भावाचा, बोहुमीलचा. ती तडक गुत्त्यात शिरली. मी तिच्या मागे.

"कुणाला दिलास?"

"ताई, हळू बोल गं. लोक बघतायत."

"बघू देत! आईने ज्याला गोळ्यांपासून वाचवलं, त्याला तू साखळीने ओढलंस?"

"मी नुसता ओढून दिला. घेणारा सीमेपलीकडचा व्यापारी होता. आणि तिथं येतं तरी कोण?"

"मी येते ना! मी कुणीच नाही?"

तिने त्याचा बिअरचा मग जमिनीवर आपटला, त्याची कॉलर धरली आणि तशीच त्याला चौकीपर्यंत फरफटत नेली. व्यापाऱ्याचं नाव तिथे त्याला सांगावंच लागलं.

दोन वर्षांनी संत परत आला, नाक फुटलेला, कुणाच्यातरी बागेत पडून शेवाळलेला. त्याला गुडघ्यांवर बसवायला बोहुमील न बोलावता आला. तिने त्याला राबू दिलं. सिमेंट भरून झाल्यावर म्हणाली, "झालं? नीघ आता."

गेल्या वर्षी ती गेली. आजारपणात तो भेटायला आला, तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. गावातले लोक म्हणतात, शेवटी तरी माफ करायचं होतं. का म्हणून करायचं? आता दर रविवारी छपरावरची पानं बोहुमीलच काढतो. वाटेत भेटला तर मी त्याच्याशी बोलत नाही.