मावसाजींचा काहून

साऱ्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्या मावशीच्या नवऱ्याइतके प्रश्न विचारून लोकांना हैराण करणारा माणूस झाला नाही, आणि त्यांच्याइतकी कमी उत्तरे मिळालेला माणूसही झाला नसेल. आम्ही त्यांना मावसाजी म्हणत असू. बोरी अरबचे लोक पाठीमागे ‘काहूनवाले’ म्हणत. तरुणपणी ते नागपूरला एका वर्तमानपत्राच्या कचेरीत बातमीदारी शिकले होते. तिथे कुणीतरी त्यांना सांगितले की बातमीत कोण, काय, कुठे, केव्हा आणि का या पाचांची उत्तरे हवीत. मावसाजींनी तो गुरुमंत्र मानला, गावी आल्यावर शेवटच्या ‘का’चा ‘काहून’ केला आणि जन्मभर त्याचाच जप केला. वांगी महागली असे भाजीवाली म्हणाली की हे विचारत, “काहून?” मळ्यातच भाव वाढला म्हणे ती. “मंग थो काहून वाढला?” शेवटी ती टोपली उचलून चालू लागे आणि मावशी चुलीपुढून ओरडे, “आता काहूनचीच भाजी करतो तुमाले!” माझ्या मावसबहिणीला पाहायला मुलगा आला तेव्हा शेतीवाडीची चौकशी करायची सोडून यांनी त्यालाच विचारले, “तुमी लगन करून राह्यले ते काहून?” मुलगा घाम पुसत म्हणाला, “बाबा म्हनले म्हून.” “अन् बाबा काहून म्हनले?” पाहुणे अर्धे पोहे टाकून उठले. पुढे तिचे लग्न जमले, पण पाहण्याच्या दिवशी मावशीने नवऱ्याला काहीतरी निमित्त काढून दारव्ह्याला धाडून दिले होते.

त्यांचे दुसरे वेड म्हणजे भोंगा. मोटारी दुरुस्त करणारे रहीमभाई त्यांचे जिवलग. बंद पडलेल्या एका टुरिंग टॉकीजचा लाउडस्पीकर दोघांनी पैदा केला, रहीमभाईंनी तो मोटारीच्या बॅटरीवर जिवंत केला, आणि मावसाजी दर आठवडी बाजाराला बैलगाडीत उभे राहून, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी पेपर वाचू लागले. आधी माइकवर इतक्या फुंकरा मारत की बैल बुजत आणि बांगडीवाला कानात बोटे घालून शिव्या देई. पेपर संपला की राज्यघटनेतले काही वाचत. कुणाला फुकट राबवून घेता येत नाही. पोलिसांनी माणूस धरला तर दुसऱ्या दिवशी कोर्टापुढे उभा करावाच लागतो. राज्य बदलून आमचे वऱ्हाड मुंबईला जोडले गेले ते दिवस. सगळे त्याचीच चर्चा करत आणि हे आपले घटनाच वाचत. मी चेष्टा केली तर म्हणत, “आपला हक्क काय हाये हेच ज्याले ठाव नाही, थो मांगन कसा, बाबू?” मी मनात म्हणे, ठाऊक असून तरी कोण देतो?

मला हसू यायचे बंद झाले ते लेतूच्या वेळी. लेतू हा डोंगराकडच्या पोडावरचा, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचा, टोपल्या विकायला येणारा गरीब माणूस. बैलचोरीच्या संशयावरून पोलिसांनी त्याला उचलला आणि ठाण्यात कोंडला. एक बाजार गेला, दुसरा गेला, तरी कोर्टात नेला नाही. त्याची बायको सोमी मावसाजींच्या ओसरीवर येऊन बसली. “तुमी भोंग्यात बोलता, पेपरात लिवता,” ती म्हणाली, “माया मानसाले आनून द्या.” मावसाजींनी पाची प्रश्नांसकट बातमी लिहून नागपूरला धाडली. काही दिवसांनी दुपारच्या मोटारीने पेपर आला. त्यात छापले होते, बोरी अरब येथे बैलचोर पकडला. कोण, काय, कुठे, केव्हा, सगळे होते; काहून तेवढे कापले होते. सोमी समोर बसली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच मावसाजींना पेपर मोठ्याने वाचता येईना.

पुढच्या बाजाराला त्यांनी गाडी थेट ठाण्यासमोर नेली. “भाई, अंदर डाल देंगे,” रहीमभाई म्हणाले. “डालू दे. तू भोंगा चालू ठेव.” आणि माइकवर न फुंकताच ते बोलले, “लेतू कोलामाले धरलं. कोर्टात नेलं नाही. काहून?” त्यांनी पुन्हा तेच विचारले, पुन्हा विचारले. मग ती वांगीवाली कमरेवर हात ठेवून उठली. “अवं खरंच, काहून?” तिच्यामागे बांगडीवाला उठला, आणि बघता बघता सगळा बाजार तोच एक शब्द ओरडू लागला. मला भीती वाटत होती आणि छाती फुगतही होती. दिवस मावळायच्या आत लेतूला सोडले. परवानगी नव्हती म्हणून मशीन, बॅटरी, माइक सगळे जप्त झाले. भोंग्याचा पत्र्याचा कर्णा तेवढा रहीमभाईंनी गाडीतल्या कडब्याखाली सारला होता. लेतू दोघांच्या खांद्यांवर हात टाकून बाहेर आला. सोमी त्याच्याशी बोलत होती आणि तो नुसता तिच्या तोंडाकडे पाहत होता. मारून मारून त्याचे कान गेले होते. ज्याच्यासाठी सगळा बाजार ओरडला, त्यालाच तो ऐकू आला नव्हता.

मशीन कधी परत मिळाले नाही. माणसाला मारले काहून, असे मावसाजी जन्मभर अर्जांतून विचारत राहिले आणि उत्तर कुठूनच आले नाही. बाजाराच्या दिवशी लेतू ओसरीवर येई. डाव्या कानात थोडेसे ऐकू येई त्याला. मावसाजी कर्ण्याचे निमुळते टोक त्या कानाला लावत आणि रुंद तोंडात ओरडून पेपर वाचत. मावशी आतून म्हणे, “जळो तो भोंगा, दुपारचा डोळाही लागू देत नाही.” वाचून झाले की लेतू दर वेळी एकच विचारी, “मले मारलं काहून?” आणि मावसाजी कर्ण्यात म्हणत, “इचारून राह्यलो, बाबू. इचारून राह्यलो.”

मावसाजी एका उन्हाळ्यात गेले. त्यानंतरच्या बाजाराला लेतू नेहमीसारखा येऊन बसला. पोडावर कुणी कळवलेच नव्हते. त्याला कसे सांगावे ते मला सुचेना. तेव्हा मावशीच बाहेर आली. जन्मभर ज्याला शिव्या घातल्या तो कर्णा तिने खुंटीवरून काढला, त्याच्या कानाला लावला आणि म्हणाली, “गेले ते, लेतू.”

लेतू म्हणाला, “काहून?”

मावशी कर्णा मांडीवर घेऊन त्याच्याशेजारी ओसरीवर बसली.