हेल्मेट काढ पहले

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलात तिच्याकडेच निघालो होतो. दारात उभा, हेल्मेट हातात. पलीकडून नर्सबाई आणखी काही सांगत होत्या... मला ऐकूच आलं नाही.

अक्का माझी थोरली बहीण. महूच्या शाळेत जन्मभर शिकवलं, लग्न केलं नाही, निवृत्तीनंतर इंदूरला माझ्या घरी आली आणि आल्याआल्या दाराचा ताबा घेतला. कुणीही बाहेर निघालं की डोक्यावर हात ठेवून रक्षणाची प्रार्थना, मगच उंबरठा ओलांडायचा. राजवाड्याच्या बाजारात साधा बल्ब आणायला निघालो तरी सुटका नाही. "विजू, हेल्मेट काढ पहले." "अगं, रक्षणासाठीच तर घातलंय!" "ते पोलिसासाठी. काढ." मग देवाने पंखांखाली घ्यावं, पायाला ठेच लागू नये, रोगराई घराजवळ येऊ नये, असं बायबलातल्या स्तोत्रातलं सगळं यायचं, आणि शेवटी भंवरकुआं चौकातला ट्रॅफिकसुद्धा. मी चुळबुळत उभा असायचो.

गेल्या वर्षी तिच्या पोटात गाठ निघाली. चर्चची माणसं घरी येऊन ती बरी व्हावी म्हणून प्रार्थना करू लागली की ती त्यांना थांबवायची. "तो सोबत राहो, इतकंच मागा. आपला वधस्तंभ उचलून माझ्या मागे ये, असं येशूच म्हणालाय ना? मग उचलायची वेळ आली की छुट्टी मागायची का?" एकदा मी भडकलोच. "आमच्यासाठी जन्मभर रोग नको, ठेच नको मागितलंस. स्वतःसाठी मागायला काय होतं? का ते सगळं खोटं होतं?" ती म्हणाली, "खोटं नाही रे. दोन्ही त्याचंच बोलणं आहे. कसं जुळतं, ते मला भी नाही समजलं. तुमचं दुखणं मला बघवत नाही, बस." माझा राग तिच्यावर नव्हताच. तो तिच्या देवावर होता, आणि तो देव माझाही आहे.

शेवटचं हॉस्पिटलात न्यायचं तेव्हा गाडी खाली येऊन उभी होती. मी तिला धरून दारापर्यंत आणलं आणि ती थांबली. मला वाटलं, दम लागला. पण केस गेल्यापासून जी लोकरीची टोपी ती घालायची, ती तिने स्वतःच्या हाताने काढली आणि मान खाली घातली. त्या दारात तिच्या डोक्यावर कधी कुणी हात ठेवलाच नव्हता. मी ठेवला. "देवा, हिला सांभाळ," एवढं म्हटलं आणि थांबलो.

"और बोल ना," अक्का अगदी हळू म्हणाली. "ठेच नको, रोग नको... ते भी बोल."

बोललो. येत होतं तेवढं सगळं बोललो. माझी बाही तिने घट्ट धरून ठेवली होती.

दफनाच्या वेळी पाळकसाहेब म्हणाले, अक्काने आपला वधस्तंभ आनंदाने वाहिला. वाहिला, हे खरं. आनंदाने नाही. ती घाबरली होती, आणि ते फक्त मला माहीत आहे.

अजूनही ऑफिसला निघताना मी दारात थांबतो. हेल्मेट हातातच असतं, मान आपोआप खाली जाते. मागून बायको हळूच म्हणते, "निघा आता." मग मी हेल्मेट घालतो.