बॉनेटवरचा हात

मल्लप्पाअण्णा मोटार विकायला काढली की आधी तिची बदनामी करायचे. सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी करायची, गिऱ्हाइकाला समोर घ्यायचं आणि बॉनेटवर थाप मारून, येणाऱ्याजाणाऱ्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात सुरू करायचं, "ही लई तेल पिती, ही पयली खोड. डाव्या अंगाचं दार भाईरनं उघडत न्हाय, ही दुसरी. वळवताना हॉर्न आपला आपण वाजतोय, ही तिसरी. बगा, पटलं तर घ्या." गिऱ्हाईक बुचकळ्यात पडायचं. गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून दारात यायच्या, कारण त्या काळात एवढी फुकटची करमणूक दुसरी नव्हती.

अण्णा मूळचे अक्कलकोटपलीकडच्या मैंदर्गीचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली केली आणि पुढे जुन्या मोटारींच्या दलालीत शिरले. "ह्येलाबी चारच पाय हाईत की," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती. ते शेजारच्या सीटवर बसून, डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचे. किमतीचा सौदा बैलबाजारातल्यासारखा, खांद्यावरच्या टॉवेलाखाली समोरच्याची बोटं दाबून करायचे. समोरचा शिकलेला असला तर तो ओशाळायचा, अण्णा नाही.

बाजारातली आणखी एक रीत त्यांनी मोटारींना लावली होती. खोडी सांगून झाल्या की विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचं, "एवढ्याच. दुसरी न्हाय." त्यानंतर नवी खोड निघाली तर जनावर मुकाट्याने परत घ्यायचं, वाद नाही. मोटारीच्या बाबतीत हात बॉनेटवर. मी चांगल्या पोट सुटलेल्या कंत्राटदारांना लाजत लाजत बॉनेटवर हात ठेवताना पाहिलं आहे. बोलता बोलता अण्णांच्या तोंडी कानडी यायचं, आणि कशावरही शेवटचा शब्द ठरलेला असायचा, "होगली." म्हणजे जाऊ दे. सौदा फिसकटला, होगली. जावयाने अपमान केला, होगली.

आणीबाणीच्या आधीची दोनेक वर्षं असतील. माझा धाकटा भाऊ सुरेश मिलमध्ये होता. त्याची पाळी बंद झाली आणि हातावर एकरकमी पैसे पडले. वडील नव्हते. आई, सुरेश आणि मी एवढंच घर, आणि ते माझ्या प्राथमिक शाळेतल्या पगारावर कसंबसं उभं. सुरेशने ठरवलं, टॅक्सी घ्यायची आणि अक्कलकोटच्या रस्त्यावर चालवायची. मी म्हटलं, कापडाचं लहानसं दुकान टाक. तो म्हणाला, "अक्का, मला पुन्यांदा चार भिंतीत बसायचं न्हाय."

अण्णांनी त्याला आमच्या डॉक्टरांची काळी गाडी काढून दिली. हे डॉक्टर म्हणजे अख्ख्या पेठेचा आधार. सकाळच्या गारव्यात अण्णांनी ती ऐकली आणि पसंत केली. सौद्याच्या दिवशी डॉक्टर दवाखाना मध्येच सोडून आले होते. अण्णांनी खोडी सांगितल्या. पावसात वायपर चालत नाही, मागची काच खाली होत नाही, रिव्हर्स गिअर रुसतो. मग म्हणाले, "डाक्टरसाहेब, हात ठिवा."

डॉक्टरांनी घड्याळात पाहिलं आणि हसले. "अहो अण्णा, हा काय बैल आहे? पेशंट खोळंबलेत माझे."

अण्णांनी खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. मग "होगली" म्हणाले आणि किल्ली सुरेशच्या हातात दिली. मी तिथेच होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला भर रस्त्यात हात ठेवायला लावणं मलाच बरं दिसलं नसतं.

महिनाभर सुरेश राजासारखा वागला. आईला मागच्या सीटवर बसवून त्याने अख्खं सोलापूर फिरवलं. मग ऐन उन्हाळ्यात, अक्कलकोटच्या वाटेवर, गाडीभर माणसं असताना इंजिन तापलं, पाणी तेलात गेलं आणि गाडी जागीच बसली. बैलजोडी लावून ओढून आणावी लागली. मिस्त्रीने सगळं खोललं आणि हात पुसत सुरेशला म्हणाला, "भाई, ये आज का नै. पुराना टाका है." इंजिनाच्या ब्लॉकला तडा गेलेला, तो वेल्डिंगने सांधून वर रंग फासलेला. थंड असताना टाका धरायचा, तापला की फाटायचा. नवं इंजिन घालण्याची आमची ऐपत नव्हती.

मग चूक कुणाची, याचा आमच्या घरी चघळून चघळून चोथा झाला. मी डॉक्टरांकडे गेले. ते शांतपणे म्हणाले, "टाका मीच घालून घेतला होता. त्यानंतर वर्षभर गाडी गावातल्या गावात छान चालली, मला वाटलं विषय संपला. मी खोटं काय बोललो? विचारलं असतं तर सांगितलं असतं." ओळखीचे एक वकील म्हणाले, जुनी वस्तू डोळे उघडे ठेवून घेतलीत, आता काय करणार? आई म्हणाली, सुरेशचाच हट्ट. सुरेश म्हणाला, अण्णांनी गळ्यात मारली. प्रत्येकाचं थोडं थोडं खरं होतं. दिवसभर वर्गात ओरडून घरी यावं तर तोच विषय ताटात वाढलेला असायचा. मला त्या बोलण्याचाच थकवा आला होता.

एका संध्याकाळी अण्णा आले. आत आले नाहीत, उंबऱ्याशी बसले. चहाही नको म्हणाले.

"सुरेश, तुजी चूक न्हाय. डाक्टरची हाय का न्हाय ते त्येंनी बगावं. मी हात ठिववून घेतला न्हाय. मोटा मानूस म्हनून मी लाजलो. एकाद्या बैलवाल्याला सोडलं असतं व्हय मी?"

"आता बोलून काय उपेग?" सुरेश म्हणाला.

"उपेग न्हाय. गाडी मी घेतो."

आणि खरंच घेतली. सुरेशचे पैसे परत केले. मैंदर्गीच्या रानातला आपला वाटा त्यांनी त्यासाठी भावाला विकून टाकला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. त्या दिवशी ते नेहमीचं "होगली" मात्र म्हणाले नाहीत. या गाडीबद्दल ते पुढेही कधी म्हणाले नाहीत.

पैसे मिळाले, पण सुरेशची उमेद गेली. गावभर झालेलं हसं त्याला सोसेना, पुन्हा गाडीचं नाव काढायचा धीर झाला नाही आणि आईच्या दुखण्यात पैसेही विरघळून गेले. शेवटी तो एका गोदामावर राखणदार झाला. ज्या चार भिंतींना भ्याला होता, त्याच चार भिंतींत तो रोज जायचा आणि अण्णांच्या दारावरून जाताना तोंड फिरवायचा. अण्णा हाक मारायचे, "सुरेश, जेवलास का?" हा उत्तर द्यायचा नाही. मला त्याचा राग यायचा आणि त्याची कीवही यायची.

आईसाठी मला डॉक्टरांकडे जावंच लागायचं. त्यांच्या हाताला गुण होता, हे मी नाकारू कशी? ते आईची आपुलकीने चौकशी करायचे, फी घ्यायचे नाहीत. बाकावर बसून मी मनातल्या मनात त्यांच्याशी भांडायची आणि औषधाची बाटली घेऊन निमूट घरी यायची.

काळी गाडी अण्णांच्या दारात उभी राहिली. मिस्त्रीने थोडंफार जोडून ती सुरू होण्याइतपत केली होती. गिऱ्हाइकं यायची. अण्णा तीन खोडी सांगायचे, मग चौथी, टाक्याची. चौथी ऐकली की गिऱ्हाईक चहा पिऊन निघून जायचं. हळूहळू दुसऱ्या गाड्यांची गिऱ्हाइकंही तुटली, कारण दलालाच्याच दारात मेलेली गाडी पाहून कोण थांबणार? लोक सुचवायचे, रंग मारा आणि पंढरपूरकडे विकून टाका, तिथे कोण विचारतंय?

"इचारलं न्हाय म्हनून सांगायचं न्हाय व्हय?" अण्णा म्हणायचे. चिडून नाही, अगदी दमलेल्या आवाजात.

मी एकदा म्हटलं, "अण्णा, भंगारात द्या की. का छातीवर घेऊन बसलाय?"

"भंगारवाला नीट करून इकंल, बाई. त्यो फुडच्याला सांगंल का?"

काही वर्षांनी अण्णा गेले, तेही उन्हाळ्यातच, साध्या तापाने. सुरेश अंत्ययात्रेला गेला, पण मागे मागे राहिला. घरी येऊन आंघोळ करून झोपला. दिवसकार्य झाल्यावर त्यांचा मुलगा शिवा घर आवरायला लागला आणि एके सकाळी परगावचा एक माणूस गाडी बघायला आला. बरोबर त्याचा म्हातारा बाप होता. टॅक्सीच करायची होती त्यांनाही. शिवा सांगत होता, "आमच्या अप्पानं वापरलीच न्हाय हो, नुसती उभी हाय. इंजान एकदम बेस."

मी शाळेला निघाले होते. सुरेश नुकताच कामावरून आला होता, डोळे तांबारलेले. त्याने ते ऐकलं आणि चहाचा कप तसाच कट्ट्यावर ठेवून रस्ता ओलांडला. धुळीने भरलेल्या बॉनेटवर त्याने हात ठेवला.

"पावसात वायपर चालत न्हाय," तो म्हणाला. आवाज बसला होता, तरी गल्लीला ऐकू गेलं. "मागची काच खाली व्हत न्हाय. रिव्हर्स पडत न्हाय. आन ब्लॉकला टाका हाय, तापला की फाटतोय. एवढ्याच. दुसरी न्हाय."

तो माणूस बापाकडे बघायला लागला, बाप शिवाकडे. मग दोघंही निघून गेले. शिवा भडकला, "तुमचा काय संबंध? आता कोन घेनार ही?"

सुरेशचा हात अजून बॉनेटवरच होता. अण्णांच्या बंद दाराकडे बघत तो हळूच म्हणाला, "होगली, अण्णा."

इतक्या वर्षांत तो त्यांच्याशी बोलला, ते एवढंच.