परबदादांचं रोजचं पासिंग

संध्याकाळी चहा टाकला होता आणि फोन वाजला. परबदादांच्या मोठ्या मुलीचा फोन. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी गॅस बंद केला, खाली बसले. मोबाईल हातातच होता. दहा मिनिटं झाली नसतील, शाळेच्या बसचा पालकांचा ग्रुप आहे ना, त्यावर मेसेज आला. 'परब काका गेल्याचं कळलं. भावपूर्ण श्रद्धांजली. उद्या बस येणार ना?' त्याच्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली आणि त्यातल्याच तिघांनी पुढे पुन्हा विचारलं, बस येणार का, वेळेवर येणार का, परीक्षा आहे. मी तो मेसेज पाच-सहा वेळा वाचला. अकरा वर्षं त्या माणसाने यांची पोरं चारकोपच्या एकेका सेक्टरमधून उचलली आणि पुन्हा दारात आणून सोडली. त्याच्यासाठी वेगळी एक ओळही ठेवता आली नाही कोणाला. त्याच ओळीत श्रद्धांजली आणि त्याच ओळीत बस.

आज महिना होत आला, पण तो राग काही उतरत नाही. म्हणून लिहायला बसले. हजेरीची वही सोडली तर मला लिहायची सवय नाही. वाचायची आहे. रविवारची पुरवणी मी शेवटच्या पानापर्यंत वाचते. त्यात गेलेल्या माणसांवर लेख येतात, ती सगळी माणसं मोठी असतात. ड्रायव्हरवर लिहिलेलं मी तरी अजून वाचलेलं नाही. शाळेने फळ्यावर लिहिलं होतं, 'बस क्रमांक चारचे चालक यांचे दुःखद निधन.' नाव नाही. तर नाव मी सांगते. सदानंद परब. वय अठ्ठावन्न, गाव मालवणकडचं, वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली तसं पोराने दहावी अर्धवट टाकून स्टिअरिंग धरलं. मी सुनंदा, त्याच बसवरची मावशी. शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायला-उतरवायला एक बाई असावी लागते, ती मी.

पहिल्याच दिवशी मला वाटलं, या माणसाबरोबर आपलं जमायचं नाही. सकाळचे सहा, मी डोळे चोळत बसजवळ पोचले तर हे म्हणाले, "बाय, पुढे जाऊन उभी रव. पासिंग करूचा हा." मला कळेना. पासिंग म्हणजे वर्षातून एकदा गाडी सरकारी मैदानावर नेतात, साहेब तपासतात आणि ती रस्त्यावर चालवायला बरी आहे असा कागद देतात, हे मला माहीत होतं. हे रोज सकाळी काय? पण परबदादांचं रोज असायचं. ते आत बसून एकेक नाव घ्यायचे आणि मी बघून उत्तर द्यायचं. हॉर्न? पास. दिवे? पास. वायपर? पास. मग मी आत चढून मागे जायचं आणि इमर्जन्सीचा मागचा दरवाजा दांडा ओढून उघडायचा, पुन्हा लावायचा. ते आरशात बघत असायचे. "मागचा दरवाजा?" "पास." त्यानंतरच गाडी हलायची. पाऊस असो, थंडी असो, आदल्या दिवशीच सगळं बघितलेलं असो. सुरुवातीला मला इतकी चीड यायची. एकदा मी म्हटलंसुद्धा, दादा, तुम्ही इन्स्पेक्टरच का नाही झालात? तर शांतपणे म्हणाले, "दहावीचा पासिंग नाय ना झाला." हळूहळू मुलांनाही सवय लागली. पहिल्या स्टॉपवरची मुलं लवकर आली तर तीच माझ्याआधी ओरडायची, पास.

खरं पासिंग मी बघितलं ते दोन वर्षांनी. शाळेची बस आहे तर मावशीही दिसू दे म्हणून शेठने, म्हणजे बसच्या मालकाने, मलाही पाठवलं. मैदानाच्या बाहेरच्या गल्लीत शेठचा एजंट टेम्पो घेऊन उभा होता. टेम्पोत चार कोरे टायर, एक लाल सिलिंडर, आग विझवायचा, आणि औषधांची पेटी. आमच्या बसचे टायर झिजून पार गोटा झालेले होते. एजंटच्या माणसांनी भराभर जॅक लावले, आमचे टायर काढले, हे चढवले. सिलिंडर ड्रायव्हरच्या मागच्या पट्ट्यात अडकवला. त्याच्या बुडाला हिरव्या ऑइलपेंटचा ठिपका होता. मी म्हटलं, बरं झालं, शेठला सुबुद्धी झाली. तर एजंट हसला. म्हणाला, "मावशी, हे पासिंगपुरतं असतं." बाहेर आलं की काढायचं आणि पुढच्या गाडीला लावायचं. आमच्या मागे दोन बस उभ्या होत्याच. तो हिरव्या ठिपक्याचा एकच सिलिंडर दिवसभर किती शाळांच्या बस पास करत होता देव जाणे. आणि लपूनछपून काही नाही बरं, उघड्या गल्लीत, चहा पीत. पासिंगपुरतं, हा शब्द ते असा उच्चारत होते की जणू तो नियमातच लिहिलेला आहे.

परबदादा स्टिअरिंगवर बसले. गाडी आत नेली, तपासून झाली, पास झाली. फाटकातून बाहेर आलो तर एजंट हातात पाना घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा, इकडे घे म्हणून खुणावतोय. परबदादांनी खिडकीतून हात बाहेर काढला, त्याला नीट टाटा केला आणि गाडी सरळ पुढे काढली. मागून तो धावतोय, ओरडतोय. मी सीटची दांडी घट्ट धरून बसले. पाच मिनिटांत शेठचा फोन. दादांचा मोबाईल माझ्याकडे होता, मी घाबरून त्यांच्या कानाला लावला. शेठ काय बोलत होते ते मलाही ऐकू येत होतं, इथे लिहिता येणार नाही. सगळं ऐकून घेतल्यावर परबदादा म्हणाले, "शेठ, पास झाली ती ही गाडी. टायर काढलेत तर ती दुसरी गाडी झाली ना. तिचं पासिंग कुठे झालंय?" मग मला म्हणाले, ठेव फोन, शाळा सुटायची वेळ झाली.

ते टायर गाडीला तसेच राहिले. शेठने कसं निस्तरलं ते शेठला ठाऊक. सिलिंडर मात्र एजंटने त्याच संध्याकाळी शाळेच्या फाटकात येऊन काढून नेला. तेव्हा दादांनी स्वतःच्या पैशाने नवा आणला आणि त्याच्यावर पांढऱ्या रंगाने 'परब' असं लिहिलं. शेठ सगळ्यांना हसून सांगायचे, आमचा ड्रायव्हर येडा आहे, सिलिंडरला नाव घालतो. मात्र त्यानंतर दरवर्षी पासिंगला शेठ दुसराच ड्रायव्हर पाठवायला लागले. त्या दिवशी परबदादांना सुट्टी. गाडी परत आली की ते आधी आत चढून सिलिंडर जागेवर आहे का बघायचे.

आता मला माझं सांगायला हवं. ते टाळून हा लेख लिहिला तर तोही पासिंगपुरताच होईल.

गेल्या वर्षी पासिंग झालं, नवा कागद आला आणि दोनच दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, मागचा दरवाजा उघडेना. मी दांडा ओढला, लटकले, लाथ मारली. काही दिवस जड जात होताच, आता बिजागरी गंजून पुरती बसली होती. दोन दिवसांपूर्वी हीच गाडी पास झाली होती. त्या दिवशी परबदादांनी मागच्या दोन रांगा रिकाम्या ठेवल्या, मुलांना पुढे तीन-तीन करून बसवलं. लगेच ग्रुपवर तक्रारी, आमच्या मुलाला दाटीवाटीत बसवलं. शेठना सांगितलं तर ते म्हणाले, कागद आहे ना हातात. दुसऱ्या दिवशी, शनिवारी, शाळेत पालकसभा होती. परबदादा खाकी कपड्यांत सभेत गेले, शेवटच्या बाकाशी उभे राहिले आणि आपली पाळी आल्यावर म्हणाले, बसचा मागचा दरवाजा उघडत नाही. मग एक पालक, चांगला शिकलेला, म्हणाला, "काका, परवाच पासिंग झालंय ना? मग तुमचा प्रॉब्लेम काय आहे यार?" दोघे-तिघे हसले. मुख्याध्यापिका माझ्याकडे वळल्या. "मावशी, तुम्हीच सांगा. दरवाजा उघडतो ना?"

शेठ दाराशी उभे होते, मोबाईलमध्ये बघत. सकाळीच त्यांनी मला सांगितलं होतं, मावश्या पुष्कळ मिळतात. माझी मुलगी बारावीला होती, घरात कमावणारी मी एकटी. ही कारणं खरी आहेत, पण कारणंच आहेत. मी म्हटलं, "उघडतो."

झालं. सभा पुढच्या विषयाला लागली, स्नेहसंमेलनाच्या कपड्यांच्या. मला स्वतःचा राग येतो, तो माझ्याबरोबरच जाईल. पण त्या सभेचाही येतो. बस फाटकाबाहेर उभी होती, वीस पावलांवर. त्यात बसतात ती यांची पोरं, माझी नव्हे, परबांची नव्हे. चाळीस-पन्नास आईबाप होते. एकानेही उठून, वीस पावलं चालून, तो दांडा ओढून बघितला नाही. कागदावर पास होतं ना... मग चहा आला.

रविवारी मला घरात बसवेना. दादा चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका ओळखीच्या गाळ्यात बस घेऊन गेल्याचं कळलं होतं. गेले तर ते मागचा दरवाजा उतरवून बसलेले, गंज घासत. मी म्हटलं, दादा, मी काल खोटं बोलले. ते घासतच होते. मग मान वर न करता म्हणाले, "तू पासिंगपुरता बोललंस. कळला माका." शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी बिजागरी धरून उभी राहिले, त्यांनी ग्रीस भरलं, दरवाजा चढवला. दुपार झाली. जाताना त्यांच्या बायकोने डब्यात दिलेली घावणं त्यांनी मलाही खायला लावली. सोमवारी सकाळी नेहमीप्रमाणे हाक आली, मागचा दरवाजा? मी दांडा ओढला, दरवाजा झटक्यात उघडला. पास, मी म्हटलं, पण हळूच, दरवाजाकडे तोंड करून. "नीट आयकाक नाय इला," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, मोठ्याने. त्यानंतर त्या शनिवारचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

जायच्या आधी चार दिवस ताप अंगावर काढला, मग न्यूमोनिया. हॉस्पिटलात भेटले तेव्हा बोलताना धाप लागत होती. तब्येतीचं विचारलं तर म्हणाले, नवीन माणसाक सांग, दुसरो गियर अडकता, जोर करू नको म्हणावा. तेच शेवटचं बोलणं.

नवा ड्रायव्हर स्वभावाने वाईट नाही, तरुण आहे, घाईत असतो. तो काही विचारत नाही. मी मात्र रोज सकाळी एकटीच सगळं बघते, मनात पास म्हणते. गेल्या आठवड्यात या वर्षीचं पासिंग झालं. गाडी संध्याकाळी परत आली, काचेवर नवा कागद. दुसऱ्या दिवशी सहाला मी चढले. हॉर्न, दिवे, वायपर, मागचा दरवाजा. मग वळून ड्रायव्हरच्या मागे बघितलं तर पट्टा रिकामा लोंबत होता. सिलिंडर नाही. पांढऱ्या अक्षरांत 'परब' लिहिलेला, त्या माणसाने स्वतः आणलेला. एजंटच्या माणसांनी आपल्या सामानाबरोबर तोही काढून नेला होता. ज्याने सगळा जन्म पासिंगपुरतं काही केलं नाही, त्याचं नाव आता कुठल्या तरी गल्लीत एका बसमधून दुसऱ्या बसमध्ये फिरत असेल, पासिंगपुरतं... मी पायरीवर बसले. रडले नाही. इतका संताप आला होता की रडू येईना.

ड्रायव्हरला म्हटलं, गाडी बंद कर. तो म्हणाला, मावशी, उशीर होतोय. मी म्हटलं, होऊ दे, आणि चावी मागून घेतली. त्याने दिली, का कोण जाणे. सहा वीस, सहा तीस. मग ग्रुप वाजायला लागला. स्टॉपवर उभे आहोत. बस कुठे आहे? आणि मग तोच मेसेज, श्रद्धांजलीवाल्या त्याच पालकाचा. 'आज बस येणार ना?' अकरा वर्षांत मी त्या ग्रुपवर 'हो' आणि 'पाच मिनिटं' याशिवाय काही लिहिलं नव्हतं. मी लिहिलं, 'नाही. बस नापास आहे. आग विझवायचा सिलिंडर चोरीला गेलाय. बघायचं असेल तर पहिल्या स्टॉपच्या कोपऱ्यावर उभी आहे, या.' या वेळी चौघे आले. एक आई नाइटड्रेसवरच आली होती. ती आत चढली, रिकामा पट्टा हातात धरून बघितला आणि मग स्वतःहून मागे जाऊन दरवाजाचा दांडा ओढला. दरवाजा उघडला. ग्रीस अजून परबदादांचंच आहे.

साडेनऊला नवा सिलिंडर आला तेव्हा बस निघाली. दादांचा अजून मिळालेला नाही, मी मागणं सोडणार नाही. शनिवारी शेठने बोलावलंय. कोणाला विचारून गाडी थांबवली, असं विचारतील. मी सांगणार आहे, या गाडीचं पासिंग आता माझ्याकडे असतं.